सूत्र फुकट, आकडा विकत: दिंडोरी रोडवरच्या एका प्रयोगशाळेचं प्रकरण

नाशिकच्या मार्केट यार्डाकडून दिंडोरीकडे निघालं की रस्त्याला खतं, औषधं, ठिबक, ट्रॅक्टरचे सुटे भाग अशी दुकानं लागतात. त्यातल्याच एका गाळ्यात माती, पाणी आणि पानाच्या देठाच्या तपासणीची एक छोटी प्रयोगशाळा आहे. चालवणाऱ्या मॅडम राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मृदाशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. हाताखाली एक सहायक आणि गावोगावचे नमुने गोळा करणारा एक मुलगा. नावांशी इथे काही अडत नाही, म्हणून दिलेली नाहीत.

मी छोट्या व्यावसायिकांचे हिशोब आणि दर बघतो. मॅडम माझ्याकडे आल्या त्या दर कमी करायचे का हे विचारायला. पलीकडच्या लॅबने दर पाडले होते. एका कृषी सेवा केंद्राने तर ‘खत आमच्याकडून घ्या, माती तपासणी फुकट’ असा फलकच लावला होता. दोन सीझन काढूनही गाळ्याचं भाडं आणि रसायनांचा खर्च जेमतेम निघत होता.

वह्या चाळल्यावर दिसलं ते असं, की नमुने बऱ्यापैकी येत होते, पण गिऱ्हाईक एकही नव्हतं. जवळजवळ सगळे नमुने दुकानांमार्फत यायचे. शेतकरी माती दुकानात ठेवायचा, दुकानदार ती लॅबला पाठवायचा, रिपोर्ट दुकानात जायचा आणि त्यावरून खताची यादीही दुकानदारच लिहायचा. रिपोर्टच्या दरातला चांगला वाटा त्याचा. शेतकऱ्याच्या हातात पडायची ती यादी, रिपोर्ट नव्हे. त्याच्या लेखी मॅडम अस्तित्वातच नव्हत्या. अशा धंद्यात दर कमी केले की फायदा दुकानदाराला होतो, आपल्याला नाही. म्हणून दराचा विषय मी तिथेच थांबवला.

मग मॅडम म्हणाल्या, “जाहिरात करू का? बोर्ड मोठा करू?” बोर्डावर आधीच ‘माती, पाणी, देठ, खत, कंपोस्ट: सर्व प्रकारचे परीक्षण’ असं होतं. ‘सर्व प्रकारचे’ हे शब्द धंद्याला मारक आहेत असं माझं मत आहे. सगळं करणाऱ्याकडे माणूस स्वस्त म्हणून जातो, जाणकार म्हणून जात नाही.

द्राक्षवाल्याला रिपोर्ट कळतो

इथे नाशिकची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली आली, कार्डं घरोघर पोचली आणि बऱ्याच जणांच्या मनात माती तपासणी म्हणजे सरकारी कागद, एवढंच बसलं. पण द्राक्षपट्ट्याला लॅबचा आकडा म्हणजे काय हे त्याआधीच कळलं होतं, आणि तेही चांगलंच पोळून. निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि औषधांच्या उर्वरित अंशांची तपासणी करणारी, अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेची ग्रेपनेट व्यवस्था २००६ पासून चालू आहे. तरी २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या आणि आपल्याकडे सगळे ज्याला सीसीसी म्हणतात त्या रसायनाच्या, अंशांवरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. माल गोड होता, मणी भरले होते, रंग उत्तम होता. एका आकड्याने सगळं पाण्यात गेलं. तेव्हापासून दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या बागायतदाराला रिपोर्टची किंमत पटवून द्यावी लागत नाही. कोणता रिपोर्ट त्याच्या कामाचा आहे, एवढंच सांगावं लागतं.

आणि ते कुणी सांगत नव्हतं. प्रत्येक जण त्याला काही ना काही विकत होता.

पाणीच का

मॅडमच्या वहीत शेरे लिहायची सवय होती. त्यात एक तक्रार सारखी दिसत होती: ठिबकला अ‍ॅसिड सोडतो तरी ड्रिपर चोकअप होतात; फवाऱ्यासाठी पाण्याचा सामू (पीएच) खाली आणतो, पण शेजाऱ्याच्या मापाने आणला तर येत नाही. तक्रार करणारे बहुतेक बोअरच्या पाण्यावर अवलंबून असलेले, त्यातही खरड छाटणीच्या, म्हणजे एप्रिल-मेच्या दिवसांतले. पालखेड, वाघाडच्या कालव्याचं पाणी असणाऱ्यांकडून हे कमी यायचं.

कारण मॅडमना माहीत होतं. बागा डॉगरिज खुंटावर, म्हणजे कलमासाठीच्या काटक जंगली द्राक्षाच्या मुळावर, गेल्या त्यामागे पाण्याचा ताण आणि क्षार हेच होतं. पण खुंट मुळाला वाचवतो, ड्रिपरला नाही. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट हा विरघळलेला क्षार जास्त असला की तो कॅल्शियमशी संयोग पावून लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या नळीत, पांढरा थर धरतो. शेतकरी सामू मोजायचा, कारण सामूचा पट्टीवरचा रंग त्याला दिसतो. बायकार्बोनेट कुणी मोजत नव्हतं. पाण्याला किती अ‍ॅसिड लागेल हे मात्र सामूवर नाही, बायकार्बोनेटवर ठरतं.

मी एवढंच म्हटलं की पुढचं वर्षभर बाहेर बोलायचं ते फक्त पाण्याबद्दल. माती, देठ सगळं तपासायचं, पैसे घ्यायचे, पण तोंडातून पाणी सोडून दुसरा विषय निघता कामा नये. त्यांना पटलं नाही. मृदाशास्त्रात शिकलेल्या माणसाने पाण्यावर का अडून बसायचं? पटलं ते एका शेतकऱ्यामुळे.

हे गृहस्थ दुकानात न जाता थेट लॅबवर आले. एका हातात चोक झालेल्या ड्रिपरची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची कॅन. “मॅडम, अ‍ॅसिड बोगस देतात हो. डबल सोडलं तरी हे असंच.”

मॅडमनी ड्रिपर फोडला, आतला पांढरा थर काचेवर खरवडला आणि त्यावर विरळ अ‍ॅसिडचा थेंब टाकला. थर फसफसला. “नाना, हा चुनाच. अ‍ॅसिड याला विरघळवतं, पण तुमच्या पाण्याला ते पुरत नाही.” मग दोन चंबू घेतले. एकात त्यांच्या कॅनमधलं पाणी, दुसऱ्यात कालव्याच्या पाण्याचा पडून असलेला नमुना. मीटरवर दोन्हींचा सामू आठच्या थोडा वर, जवळजवळ सारखाच. ड्रॉपरने दोन्हींत सारखेच थेंब टाकत गेल्या. कालव्याचं पाणी पाहता पाहता सहाच्या खाली आलं. नानांचं पाणी सातच्या वरच रेंगाळत राहिलं. तिप्पट थेंब पडले तेव्हा कुठे हललं.

नाना बराच वेळ मीटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हे आमच्या गावात येऊन दाखवाल का?”

मार्केटिंगची योजना म्हणून आम्ही जे काही कागदावर लिहिलं होतं ते मी त्या दिवशी बाजूला ठेवलं. दाखवण्याजोगं जे हवं होतं ते टेबलावरच होतं.

गावातल्या सभा

फळासाठी करतात त्या गोडी छाटणीच्या आधी, ऑगस्टच्या शेवटी, पहिली सभा विकास सोसायटीच्या कार्यालयात झाली. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही. येताना आपल्या बोअरचं आणि शेततळ्याचं पाणी बाटलीत घेऊन या, एवढाच निरोप. प्रत्येकाच्या पाण्याचा सामू, ईसी (क्षार किती ते दाखवणारी विद्युतवाहकता) आणि ‘थेंब किती लागले’ हे तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहून द्यायचं, फुकट.

त्याच सभेत मॅडमनी सूत्र फळ्यावर लिहिलं. लिटरमागे एक मिलीइक्विव्हॅलंट (रिपोर्टमधलं क्षार मोजायचं एकक) बायकार्बोनेट मारायला हजार लिटर पाण्याला साधारण २७ मिली तीव्र गंधकाम्ल लागतं. थोडं बायकार्बोनेट मुद्दाम शिल्लक ठेवायचं, नाहीतर सामू एकदम कोसळतो. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. आणि एकूण पाणी कसं आहे हे बघायचं असेल तर कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा करायची: उत्तर मिलीइक्विव्हॅलंटमध्ये सव्वाच्या आत असेल तर ठीक, अडीचच्या वर गेलं तर ते पाणी वर्षानुवर्षे नुसतं सोडत राहू नये.

त्यांच्या सहायकाला हे अजिबात रुचलं नाही. परतताना गाडीत म्हणाला, “आता कोण येणार आपल्याकडे? सगळं तर सांगून टाकलं.”

लोक आले, ते सांगून टाकलं म्हणूनच. सूत्र प्रत्येकाच्या वहीत गेलं, पण सूत्रात घालायचा आकडा कुणाकडेच नव्हता. ‘एक मिलीइक्विव्हॅलंटला २७ मिली’ हे माहीत असलेल्या माणसाला पुढचा प्रश्न पडतोच, की माझ्या बोअरचे किती? तो आकडा टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने नेमकं मोजमाप, केल्याशिवाय मिळत नाही, आणि टायट्रेशन लॅबमध्ये होतं.

छोट्या व्यावसायिकाने ज्ञान किती फुकट द्यावं यावर मी बरीच मतं ऐकलीत. एक पंथ म्हणतो काहीच देऊ नका, दुसरा म्हणतो सगळं द्या, देव बघून घेईल. मला हे प्रकरण दोघांच्या मधलं वाटत नाही. इथे रेघ वेगळ्याच ठिकाणी मारलेली आहे. सगळ्यांना सारखं लागू पडतं ते सगळं फुकट, हातचं काही न राखता. एकाच्याच बोअरला, एकाच्याच प्लॉटला लागू पडतं त्याचे पैसे. अर्धवट सांगून ‘बाकीचं ऑफिसला या’ म्हणणारा माणूस नाशिकच्या शेतकऱ्याला बरोबर ओळखू येतो. हंगामात त्याच्या दारात असे किती येऊन जातात.

दुसऱ्या सीझनला लॅबवर फोन यायला लागले, “पाणीवाल्या मॅडम आहेत का?” बोर्डावर असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दुकानदार फिरले

याची किंमत मोजावी लागलीच. सभांमध्ये जिप्समचा, म्हणजे जमीन सुधारायला टाकतात त्या कॅल्शियमच्या खनिजाचा, प्रश्न हमखास यायचा, कारण जिप्सम पोत्याने विकलं जातं. मॅडम सरळ सांगायच्या: मातीत सोडियम वाढलेलं नसेल तर जिप्समचा उपयोग नाही, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम आधीच भरपूर आहे, तिथे सोडियमचा त्रास असेल तर गंधक बघा, आणि दोन्हीतलं काहीही टाकायच्या आधी तपासून घ्या. यात वादग्रस्त काही नाही, कुठलाही मृदाशास्त्रज्ञ हेच सांगेल. पण ज्या दुकानातून त्यांना नमुने यायचे त्याच दुकानात ती पोती थप्पीला लागलेली होती.

नमुने पाठवणारी दुकानं एकेक करून थांबली. थेट येणारे शेतकरी वाढत होते, पण भोक बुजवण्याइतके नाही, आणि त्या सीझनचा हिशोब मला आजही बघवत नाही. मॅडमच्या घरून सूर निघाला की जिप्समचं तेवढं नको बोलूस. सल्ला व्यवहारी होता. त्यांनी ऐकला नाही. मीही ऐका म्हणालो नाही, पण रसायनांची उधारी मागायला पुरवठादार दारात येत होता, तेव्हा माझा धीर त्यांच्याइतका पक्का होता असं म्हणवत नाही.

त्याच सुमारास पाण्याचा सामू खाली आणणारं तयार उत्पादन विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. प्रस्ताव असा: हॉटेलात चर्चासत्र, जेवण कंपनीकडून, मागे कंपनीचा बॅनर, आणि मॅडमनी बोलता बोलता उत्पादनाचं नाव दोनदा घ्यायचं. मानधन बरं होतं. मॅडमनी एकच अट घातली: तुमचं उत्पादन घेऊन या, मी ते सगळ्यांसमोर याच चंबूत टाकते, हजार लिटरला किती लागतं आणि किती रुपये पडतात ते फळ्यावर लिहिते, चांगलं निघालं तर नाव दोनदा काय, दहादा घेईन. “सीझननंतर बघू,” म्हणून तो गेला.

माहीत नसलेल्या विषयावर

ज्यामुळे खरी कलाटणी मिळाली ते माझ्या योजनेत कुठेही नव्हतं. ऑक्टोबरात पाऊस लांबला की द्राक्षपट्ट्यात एकच धांदल असते, डाऊनी या बुरशीच्या रोगाची. पाणीवाल्या मॅडमचा नंबर आता प्रत्येकाकडे होता, म्हणून डाऊनीचेही फोन त्यांनाच. कुठला फवारा, किती दिवसांनी, पाऊस उघडल्यावर की आधी? उत्तर देणं अवघड नव्हतं. कृषी पदवीधर आहेत, वाचन आहे. त्या म्हणायच्या, “दादा, रोगाचं मला विचारू नका. तुमचे कन्सल्टंट कोण? त्यांना विचारा. फवाऱ्याच्या पाण्याचं विचारा, ते मी सांगते.”

द्राक्षाचे सल्लागार हा इथला एक मोठा वर्ग आहे. एकरामागे फी घेणारे, बागेबागेत फिरणारे, एकमेकांकडे जरा संशयाने बघणारे. लॅबवाले पुढे सल्लागार होतात आणि आपले प्लॉट पळवतात, असा त्यांचा अनुभव. इथे एक लॅबवाली बाई फोनवर येणारं काम परत पाठवत होती. त्यांच्या दृष्टीने हिशोब सोपा होता: आपण लिहून दिलेला फवारा पाण्यामुळे वाया गेला तर नाव आपलं जातं. मग एकाने आपल्या सगळ्या प्लॉटचं पाणी छाटणीआधी मॅडमकडे तपासायचा नियम केला. दुसऱ्याने त्याचं पाहून केला. दुकानांमार्फत जेवढे नमुने यायचे त्याहून जास्त आता सल्लागारांकडून येतात, आणि कुणीही कमिशन मागत नाही, कारण रिपोर्ट थेट शेतकऱ्याच्या हातात जातो.

जाणकार म्हणून नाव व्हावं असं वाटणारे बहुतेक जण गिऱ्हाइकासमोर जाणकार ठरायला धडपडतात. आधी त्याच क्षेत्रातल्या इतर जाणकारांना तुमचा भरवसा वाटला पाहिजे, असं मला हे प्रकरण पाहून वाटतं. गिऱ्हाईक तुमचं ज्ञान तपासू शकत नाही, हे जाणकार तपासू शकतात. आणि त्यांचा भरवसा बसतो तुम्ही काय बोलता यापेक्षा कुठे थांबता यावर.

दोन रिपोर्टांचं भांडण

नाव झालं की ते कुठेतरी ठेचकाळतंच. निफाडकडच्या एका बागायतदाराने एकाच विहिरीचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून फोटो फिरवला. दोन्ही याच लॅबचे. एकात ईसी जवळपास दुप्पट. खाली ओळ: तज्ज्ञ!

एक नमुना मेचा होता, तळाला गेलेल्या विहिरीचा. दुसरा ऑक्टोबरचा, पावसाने भरलेल्या विहिरीचा. आकडे वेगळे येणारच होते. छाटणीगणिक पाणी तपासा असं मॅडम सांगत होत्या ते याचसाठी. पण फोटो बघणाऱ्याला तारखा दिसल्या नाहीत, कारण रिपोर्टवर तारीख खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात होती. नमुना कसा घेतला, मोटर किती वेळ चालवून घेतला, बाटली कशाची होती, यातलं काहीच रिपोर्टवर नव्हतं.

मॅडमनी वाद घातला नाही. मुलाला पाठवून स्वतःच्या खर्चाने तिसरा नमुना आणवला, तपासला आणि तिन्ही रिपोर्ट तारखा मोठ्या करून लॅबच्या भिंतीवर लावले. रिपोर्टचा नमुनाही बदलला. आता वरच ठळक: नमुना घेतल्याची तारीख, पाण्याची पातळी, मोटर चालवल्यानंतर किती मिनिटांनी, नमुना कुणी आणला. धुतलेल्या बाटल्या लॅबच देते. औषधाच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीतला नमुना परत जातो. लोकांना याचा त्रास होतो, कुरकुर होते. पण एका निर्यातदाराने हाच बदललेला रिपोर्ट बघून आपल्या बागायतदारांना इथे पाठवायला सुरुवात केली, हेही खरं.

आता अडचण नावाचीच

आज लॅबला नमुन्यांची कमी नाही. छाटणीच्या तोंडावर रिपोर्टला वाट बघावी लागते. पलीकडच्या लॅबचे दर अजूनही कमी आहेत आणि त्याने फरक पडत नाही. अडचण आहे ती ही, की सगळं नाव एका माणसाला चिकटलंय. सहायक आता टायट्रेशन मॅडमइतकंच चोख करतो, रिपोर्ट समजावून सांगतो, पण समोरचा ऐकून घेतो आणि म्हणतो, “ते झालं, पण मॅडम काय म्हणतात?” रात्री जेवताना फोन, पहाटे फवारणीचा ब्लोअर निघायच्या आधी फोन. नमुने वाढतील तसे फोन वाढतात, आणि दिवस काही मोठा होत नाही.

यावर मी सुचवलं ते असं: रिपोर्टसोबत सहायकाचं समजावणं फुकट, मॅडमशी वेगळं बोलायचं असेल तर वेळ ठरवून आणि फी देऊन. शिवाय रिपोर्टवर सही सहायकाची, त्याच्या पदवीसकट. जुन्या लोकांना हे लागलं. “सभेत फुकट सांगायच्या, आता बोलायचे पैसे?” असं तोंडावर म्हणणारे निघाले, आणि त्यात ते नानाही होते. त्यांच्यासाठी मॅडमनी नियम मोडला. मी काही बोललो नाही.

निफाडच्या बाजूच्या सभा यंदा सहायक घेतोय. पहिल्या सभेला गर्दी निम्मी होती. बाटल्या मात्र ज्यांनी आणायच्या त्यांनी आणल्या. मॅडमना आता पिंपळगावला नमुना संकलनासाठी दुसरा गाळा घ्यायचा आहे. माझं म्हणणं, सहायकाचं नाव घेऊन चार लोक फोन करायला लागले की घ्या, तोवर थांबा. त्यांचं म्हणणं, गाळा घेतल्याशिवाय त्याचं नाव होणारच नाही. इथे मी बसलेली दिसते तोवर लोक त्याला विचारणार नाहीत. यात त्यांचं चुकतंय असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. अनामत रक्कम त्यांनी मागच्या आठवड्यात भरली.